कोऱ्या सोडलेल्या सत्तावीस प्रश्नांची गोष्ट

‘मॅडम, दहावीला शाळेत पहिली आलेली मुलगी जेईईच्या सराव चाचणीत तिच्याच वर्गातल्या साधारण मुलांच्या मागे कशी पडते? शेवटी गणितात मुलांचेच डोके चालते, असे समजायचे का?’ बारावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या एका वडिलांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली होती. हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत माझ्याकडे दर वर्षी येतो. (ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या वाटेने गेले, हे आधीच सांगून टाकते. परीक्षेची भीती असेल असे गृहीत धरून मी तिला श्वसनाचे व्यायाम शिकवले, झोपेचे वेळापत्रक आखून दिले. तिने ते सारे मन लावून केले, परंतु गुण जिथल्या तिथेच राहिले. तिसऱ्या भेटीला मी तिला शेवटच्या चाचणीचा पेपर आणि कच्च्या कामाची पाने आणायला सांगितली, आणि हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

बहुपर्यायी ६० प्रश्नांपैकी २७ तिने कोरे सोडले होते. कच्ची पाने पाहिली तर त्यातल्या १५ प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय चूक असल्याचे तिने स्वतःच ताडून खोडलेले होते. उरलेल्या दोहोंपैकी एक निवडायचे धाडस मात्र तिने केले नव्हते. मी तिला त्याच क्षणी निवड करायला सांगितली, तेव्हा १० उत्तरे बरोबर आली. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा, या हिशेबाने ३५ गुण तिने कागदावरच ठेवून दिले होते. दोन पर्याय खोडल्यावर डोळे मिटून एकावर बोट ठेवले तरी दर प्रश्नामागे सरासरी दीड गुण पदरात पडतो, हे गणित तिला येत नव्हते असे नाही. ते स्वतःच्या पेपरला लावून पाहायला तिला कोणी सांगितले नव्हते.

‘खात्री नसताना उत्तर भरणे मला खोटे बोलल्यासारखे वाटते,’ असे ती म्हणाली. व्यवस्थित, टापटीप, चुकत नाही, या कौतुकावर ती दहा वर्षे वाढली होती, आणि पायऱ्यांना गुण देणाऱ्या लेखी परीक्षेत त्या सवयीचे तिला भरपूर फळही मिळाले होते.

वडिलांना मी दोन वेगळ्या परीक्षांचे आकडे दाखवले. महाराष्ट्र मंडळाच्या २०२४ च्या दहावीत उत्तीर्ण झालेल्या मुलींचे प्रमाण ९७.२१ टक्के आणि मुलांचे ९४.५६ टक्के होते. अर्थात हा उत्तीर्णतेचा आकडा आहे, त्यावरून कोणी जास्त हुशार ठरत नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत (भारत त्यात नव्हता) ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेतील देशांच्या सरासरीत मुलगे गणितात ९ गुणांनी पुढे होते, तर वाचनात मुली २४ गुणांनी. ‘मग वाचनात मुलांचे डोकेच चालत नाही, असे आपण म्हणतो का?’ असे मी विचारल्यावर ते हसले, पण पटल्यासारखे दिसले नाहीत. त्यांना पटले ते चिलीचे उदाहरण. तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात. २०१५ पासून ती कपात बंद झाली, आणि मुली प्रश्न कोरे सोडण्यात मुलांच्या जितक्या पुढे होत्या तो फरक बराच कमी झाला. मुली तशाच होत्या, फक्त नियम बदलला होता. गणितातील सारा फरक एवढ्याने उलगडतो असे मी म्हणणार नाही, परंतु या मुलीपुरता तो बराचसा उलगडला.

बराचसा म्हणते, कारण आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. क्लासमध्ये शंकांसाठीचा तास रात्री साडेआठला संपत असे, आणि परतीच्या रस्त्यावर दिवे नसल्यामुळे तिला त्याला थांबायची परवानगी नव्हती. वर्गातली मुले थांबत. वडिलांच्या लेखी ही काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु आठवड्यातले चार तास त्या काळजीत जात होते हे त्यांनी कधी मोजले नव्हते. त्याच भागातल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईशी बोलून त्यांनी आळीपाळीने दोघींना आणायला जायचे ठरवले.

सरावासाठी आम्ही एकच नियम केला : दोन पर्याय खोडले गेले, तर उत्तर भरायचेच, आणि चुकले तर त्याची नोंद वहीत करायची, क्षमा मागायची नाही. पहिल्या चाचणीत तिचे गुण उलट चारने घसरले व ती रडली. सहाव्या चाचणीपर्यंत कोऱ्या प्रश्नांची संख्या ११ वर आली आणि गुण चाळीसने वाढले. जे प्रश्न तिला खरोखर येत नाहीत, ते ती आजही सोडते, आणि ते योग्यच आहे.

शेवटच्या भेटीत वडील आठवीतल्या धाकट्या मुलाची प्रगतिपुस्तिका घेऊन आले. तो एकही प्रश्न सोडत नाही, निम्मे चुकवतो आणि मराठीच्या निबंधात चार ओळींवर थांबतो. ‘याचे काय करायचे?’ असे त्यांनी विचारले, आणि मुलग्यांचे डोके भाषेत चालत नाही का, हा प्रश्न या वेळी त्यांनी विचारला नाही. मी त्याचाही पेपर मागवून घेतला आहे.