वेल्श गायिका डफीचा 'रॉकफेरी' हा अल्बम म्हणजे ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसची नक्कल होती का? आणि 2008 साली एवढा खपलेला हा पहिलाच अल्बम आज विस्मरणात का गेला?

'नक्कल' हा शब्द या अल्बमबद्दल मी पहिल्यांदा ऐकला तो 2008 सालीच, लिव्हरपूलमध्ये, आतेभावाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असताना, आणि तेव्हापासून तो मला सहन होत नाही. मी तेव्हा तिथे शिकत होते आणि रविवारी जेवायला दादाकडे जात असे. त्यातले 'मर्सी' हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, त्यामुळे ते जाईन तिथे कानावर पडत होते. त्या दिवशी ते रेडिओवर लागले आणि दादा म्हणाला, "ही एमीची नक्कल आहे, आणि आवाज डस्टी स्प्रिंगफील्डचा चोरलेला आहे." डस्टी म्हणजे साठच्या दशकातली ब्रिटिश गायिका. दादाकडे त्याच काळातल्या सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गायकीच्या, तबकड्यांचे कपाट भरलेले होते, म्हणून गाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानण्याची घरात पद्धत होती.

हाच दादा सांगलीला असताना गणेशोत्सवात नाट्यपदे म्हणत असे, आणि ती त्याने एका थोर गायकाच्या कॅसेटवरून अशी काही उचललेली असत की, मूळ ध्वनिमुद्रणात गायक जिथे खाकरला होता, तिथे दादाही खाकरायचा. आत्या त्याला 'संस्कार' म्हणत असे. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत, याचे कौतुक आपण अजून करतो. मग वेल्समधल्या नेव्हिन गावच्या मुलीने जुने सोल ऐकून गळा घडवला, तर ती चोरी कशी, हे दादाने मला आजतागायत सांगितलेले नाही.

त्यातून डफी कोणी एका रात्रीत उभी केलेली बाहुली नव्हती. आधी तिने वेल्श भाषेत एक छोटी ध्वनिमुद्रिका काढली होती, वेल्श वाहिनीवरच्या गायनस्पर्धेत ती दुसरी आली होती, आणि पुढे 'स्वेड' या वाद्यवृंदाचे माजी गिटारवादक बर्नार्ड बटलर यांनी तिला जुनी सोल गाणी ऐकायला देऊन तिच्यासोबत शीर्षकगीत घडवले. आपल्याकडे याला तालीम म्हणतात. वाइनहाउसच्या 2006 सालच्या 'बॅक टू ब्लॅक'मध्ये खोडसाळ, बोचरे शब्द आणि खणखणीत ताल आहे. 'रॉकफेरी'चे शीर्षकगीत मात्र पियानोच्या संथ ठोक्यांवर आणि तंतुवाद्यांवर हळूहळू चढत जाते आणि कुठेही घाई करत नाही. दोन्ही ऐकून ज्याला फरक कळत नाही, त्याने तबकड्यांचे कपाट विकून टाकावे, असे मी तेव्हाही म्हणाले होते.

अल्बमला ज्या गावाचे नाव आहे, तिथेही मी हट्टाने जाऊन आले. रॉक फेरी हे लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडचे उपनगर आहे आणि तिथे डफीच्या आजीचे घर होते. लिव्हरपूल सेंट्रलहून सुटलेली गाडी मर्सी नदीच्या खालून पलीकडे जाते (गाण्यातली 'मर्सी' म्हणजे दया; आपल्या लिपीत दोघी सारख्याच दिसतात). तिथे पाहण्याजोगे काहीच नव्हते, विटांची घरे होती आणि बोचरा वारा होता. पण दुःखाचे घर बांधायला निघालेल्या बाईच्या गाण्याला हेच नाव का, ते फलाटावर उभी असताना मला पटले. दादा त्यावर एवढेच म्हणाला, की तिकिटाचे पैसे वाया गेले.

अल्बमचे स्वागत कसे झाले, तेही सांगते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हा सर्वाधिक खपलेला अल्बम होता, 16 लाखांहून अधिक प्रती गेल्या. 2009 साली तीन ब्रिट पुरस्कार (ब्रिटनमधले मोठे संगीत पुरस्कार) आणि सर्वोत्तम पॉप गायन अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तरीही तिला 'नवी एमी' किंवा 'नवी डस्टी' म्हणण्याची वृत्तपत्रांची हौस फिटली नाही. नव्या गायिकेला जुन्या गायिकेच्या मापाने मोजले, की ऐकण्याचे कष्ट वाचतात.

आता काही गोष्टी कबूल करते. वाइनहाउसच्या यशाने दार उघडले नसते, तर ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी अशा आवाजावर एवढा पैसा लावला असता का, याची मला शंका आहे. अल्बमच्या उत्तरार्धातली गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि शब्द जागोजागी सपाट आहेत. विस्मरणाचे म्हणाल, तर 2010 च्या दुसऱ्या अल्बममध्ये बटलर नव्हते, तो ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंतच गेला. आणि त्याच 2008 सालात पहिला अल्बम आणलेली ब्रिटिश गायिका अ‍ॅडेल पुढे एवढी मोठी झाली, की शेजारी कोण उभे होते हे लोकांना आठवेनासे झाले.

तुम्ही 'मर्सी'पासून सुरुवात करू नका. आधी शीर्षकगीत ऐका, मग 'वॉरविक अ‍ॅव्हेन्यू'. त्याच्या चित्रफितीत ती टॅक्सीत मागे बसून गाता गाता रडते. ते रडणे कुणाची नक्कल आहे, हे दादाला विचारले तेव्हा तो म्हणाला, पोळी करपते आहे.