वाचकांचे प्रश्न : ३०० पुरेल, की ६०० हवी?

प्रश्न : माझा मुलगा कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून बेसबॉल खेळतो. माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-१४० लेन्स आहे, परंतु तिने काढलेल्या फोटोंत मुलगा करंगळीएवढा दिसतो. मित्र १५०-६०० घ्यायला सांगतात, दुकानदार ७०-२०० एफ २.८ चा आग्रह धरतो आणि माझी ऐपत ७०-३०० पाशी संपते. काय घ्यावे?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : लेन्सकडे वळण्यापूर्वी आपण मैदानात नेमके कोठे उभे राहता, हे पाहावे लागेल. आपल्याकडे बहुतेकांची नजर क्रिकेटला सरावलेली असल्यामुळे आपण बेसबॉललाही नकळत सीमारेषेबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसतो आणि तेथून साठ-सत्तर मीटरवरचा फलंदाज टिपू पाहतो. वास्तविक बेसबॉलचा मुख्य खेळ फार लहान जागेत चालतो. एका बेसपासून (धावताना गाठायच्या थांब्यापासून) दुसरा बेस ९० फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटरांहून किंचित कमी अंतरावर असतो आणि पिचरपासून (चेंडू फेकणाऱ्यापासून) होम प्लेटचे, म्हणजे फलंदाजाच्या जागेचे, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटर असते. पंचांची व प्रशिक्षकांची परवानगी घेऊन आपण पहिल्या बेसजवळ, रेषेच्या बाहेर सात-आठ मीटरांवर उभे राहिलात, तर फलंदाज साधारण २८, पिचर २५, दुसरा बेस ३५ आणि तिसरा बेस ४५ मीटरांवर येतो.

आता हिशेब सोपा होतो. आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची १५.६ मिलिमीटर आहे. आडव्या चौकटीत खेळाडू डोक्यापासून पायांपर्यंत ऐसपैस मावावा यासाठी चौकटीत सुमारे २.४ मीटर उंची यावी असे धरले, तर अंतराच्या प्रत्येक मीटरमागे साडेसहा मिलिमीटर फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला १४० किंवा ३०० हा आकडा) लागते. मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा असेल तर हाच आकडा दहा होतो. म्हणजे फलंदाजासाठी आपल्याला साधारण १८०, दुसऱ्या बेससाठी २३० आणि तिसऱ्यासाठी २९० मिलिमीटर हवेत. ७०-३०० मध्ये हे सारे बसते. फार काय, आपली सध्याची १४० सुद्धा त्या जागेवरून फलंदाजाला निम्म्याहून अधिक चौकट भरून दाखवील. त्यामुळे पुढचा एक सामना नव्या जागेवरून जुन्याच लेन्सने टिपून पाहावा आणि मगच खिशात हात घालावा, असे मी सुचवीन.

पहिल्या बेसची बाजू सुचवण्यास आणखी एक कारण आहे. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज प्लेटच्या तिसऱ्या बेसकडील अंगाला उभा राहतो, त्यामुळे त्याची छाती आणि चेहरा पहिल्या बेसकडे वळलेला असतो. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकतो, तेव्हा तोही थेट आपल्याच दिशेने पाहत असतो. मुलगा डावखुरा फलंदाज असेल तर मात्र बाजू बदलावी लागेल. फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला चेंडू या जागांवर सणसणीत येतो, म्हणून डोळा सतत कॅमेऱ्याला लावून ठेवू नये आणि शेजारी लक्ष ठेवणारा कोणीतरी असावा.

१५०-६०० विषयी माझे मत अनुकूल नाही. दूरच्या आउटफिल्डरचा झेल टिपायला तिच्यासारखी लेन्स नाही, हे खरे. त्या ऐंशी मीटरांसाठी पाचशेच्या वरची फोकल लेंग्थ लागते. पण खेळाडू घसरत पहिल्या बेसवर आला, तर तो आपल्यापासून जेमतेम दहा मीटरांवर असतो आणि १५० वर चौकटीची उंची तेथे एक मीटरच भरते. धुळीचा लोट, हातमोजा आणि अर्धे डोके एवढेच हाती लागते. शिवाय दोन किलोंच्या आसपासचे ते धूड खांद्याला लावून सकाळच्या लोकलमध्ये चढण्याचा अनुभव मी घेतला आहे, तो पुन्हा नको.

दुकानदाराचे म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे नाही. शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू एक हजारांश सेकंदात पावणेतीन सेंटीमीटरहून थोडा अधिक सरकतो आणि त्याचा व्यास साडेसात सेंटीमीटरच्या आत असतो; तो व बॅटचे टोक स्पष्ट हवे असेल तर १/२००० चा शटर ठेवावा. हिवाळ्यातील स्वच्छ उन्हात एफ ६.३ वरसुद्धा आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० मध्ये हे सहज जमते. संध्याकाळी साडेपाचनंतर परिस्थिती पालटते : एफ २.८ मधून एफ ६.३ च्या पाचपट प्रकाश आत येतो, त्यामुळे जेथे ७०-३०० ला आयएसओ ६४०० लागेल तेथे ७०-२०० एफ २.८ ला सुमारे १२५० पुरते. आपल्या मैदानांवर एकाच वेळी चार सामने चालू असतात आणि मुलामागे परक्या संघाचा यष्टिरक्षक उभा दिसतो. ही गर्दी पुसट करण्याचे कामही २.८ अधिक चांगले करते. सामने बहुधा सकाळी होत असतील, तर एवढ्यासाठी दीड किलो वजन आणि कित्येक पट किंमत सोसू नये. अंतिम सामना संध्याकाळी असेल तर ती एका दिवसासाठी भाड्याने आणावी.

आपल्या ऐपतीतली निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारांत निघाली : व्हीआर असलेली आणि नसलेली. व्हीआर हाताचा कंप सावरते, धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. या कामासाठी साधी लेन्सही चालेल.

प्रश्न : बोरा बाजारात निकॉनची जुनी ८०-२०० एफ २.८ डी स्वस्तात मिळत आहे. माझा कॅमेरा डी३४०० आहे. सॉफ्टबॉलच्या फोटोंसाठी घेऊ का?
— एक वाचक, दादर

उत्तर : घेऊ नये. ही लेन्स फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटरवर अवलंबून असते आणि डी३४०० मध्ये ती मोटर नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. बेसकडे धावणाऱ्या मुलीच्या मागे हाताने फोकस फिरवणे भल्याभल्यांना साधत नाही. ती मोटर असलेला डी७५०० सारखा कॅमेरा पुढे घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

तेव्हाही दुकानात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून, अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडून, पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात; बुरशी मात्र काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही तिचे डाग राहू शकतात. माझी एक लेन्स कातडी पिशवीत, कपाटात, एकाच पावसाळ्यात अशी गेली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घेतो.