माया संस्कृती अचानक नष्ट कशी झाली?

अचानक नाही, आणि पूर्ण तर नाहीच. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातलं तिकाल बघा. इ.स. २५० ते ९०० या बहराच्या काळातलं बलाढ्य शहर, पण जवळ नदी नाही. पावसाचं पाणी मोठमोठ्या तळ्यांत साठवायचं आणि कोरडे महिने त्यावर काढायचे. नवव्या शतकात पावसाने वारंवार ओढ दिली. त्यात राज्याराज्यांतल्या लढाया आणि जंगलतोड. देवांशी थेट बोलणं असल्याचं मिरवणाऱ्या राजाची पत मग कितीशी टिकणार? तिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा स्तंभ ८६९ चा. पुढे दगड मुकेच. उत्तरेकडे चिचेन इत्झा हे दुसरं माया शहर मात्र तेव्हाच वर येत होतं, आणि शेवटचं माया राज्य स्पॅनिशांच्या हाती पडलं थेट १६९७ मध्ये. माया भाषा तर आजही लाखो लोक बोलतात.