भरतकाम न करता एकरंगी कापडाला उठाव कसा आणता येईल?

तुम्ही विचारलंय की कापड साधं, एकरंगी, सुती आहे, भरतकाम येत नाही आणि मशीन फक्त सरळ टीप घालतं, तर कापडाला पोत आणि उठाव कसा आणायचा. या तिन्ही गोष्टी तुम्ही अडचणी म्हणून सांगितल्यात, पण या कामाला नेमकं हेच लागतं. छापील कापडावर घातलेले टक आणि चुण्या नक्षीत हरवून जातात. एकरंगी कापडावर उजेड आणि सावली मिळून नक्षी काढतात. त्यातही रंग फिका असेल तर फार छान. काळ्या कापडावर तेच काम करून बघा, लांबून काहीच कळत नाही.

उठाव कापड खाऊनच येतो, त्यामुळे आधी हिशेब. टक म्हणजे घडी घालून तिच्या कडेला समांतर टीप मारायची (फिटिंगसाठी घेतो ते टक्स वेगळे). प्रत्येक टक स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतो. ३ मिलिमीटरच्या टकाला ६ मिलिमीटर लागतात, म्हणजे असे २० टक घातले की १२ सेंटीमीटर रुंदी गेली. मी पहिल्यांदा पिनटकचा, म्हणजे अगदी बारीक टकांचा, टॉप शिवला तेव्हा पुढचा भाग मापाने कापून मग त्यावर टक घालत बसले. दोन संध्याकाळी गेल्या, काम सुरेख झालं आणि पुढचा भाग मागच्या भागाला जुळेना. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: कापड धुवायचं, आखायचं, न कापलेल्या तुकड्यावर सगळा उठाव करून घ्यायचा, इस्त्री करायची आणि मग त्यावर कागदी पॅटर्न ठेवून कापायचं.

सुरुवात टकांपासूनच करा, कारण सरळ टिपेच्या मशीनवर ते सगळ्यात नीट बसतात. दोन सुयांची जोडसुई वापरून पटापट पिनटक घालायच्या युक्त्या तुम्हाला दिसतील, पण तुमच्या मशीनवर ती चालवू नका. सुईपट्टीचं छिद्र अरुंद असतं, दुसरी सुई पट्टीवर आपटून तुटते. घडीवर टीप मारून केलेला टक जास्त रेखीवही दिसतो. रेषा सरळ मिळण्यासाठी खडूपेक्षा चांगला उपाय म्हणजे कापडातला एक धागा ओढून काढणं. धागा निघाला की तिथे बारीकशी विरळ रेघ दिसते, ती काटेकोर सरळ असते आणि टक उभ्या धाग्याला धरून राहतो. त्या रेघेवर घडी घालून इस्त्री फिरवा. टीप मारताना नजर सुईवर ठेवू नका, घडीची कड आणि फूटची कड यांच्यातल्या अंतरावर ठेवा. हात आपोआप सरळ जातो.

हे जमलं की लहरी टक करा. माझ्या मते कमी कष्टात सगळ्यात जास्त उठाव यातून मिळतो. दीड सेंटीमीटर रुंदीचे टक घ्या. ते उभे धरले तर दोन टिपांमध्ये तीनेक सेंटीमीटर सपाट कापड उरलं पाहिजे. सगळे एका बाजूला वळवून इस्त्री करा. आता टकांना काटकोनात, आडवी एक टीप मारा, म्हणजे सगळे टक त्या बाजूला झोपलेले राहतील. पाच-सहा सेंटीमीटर खाली येऊन दुसरी आडवी टीप, पण या वेळी प्रत्येक टक बोटाने उलट्या बाजूला वळवून. तिसरी पुन्हा पहिल्यासारखी. दोन टिपांच्या मधे प्रत्येक टक पीळ घेतो. एका जागी त्याची वरची बाजू दिसते, पुढे कड उभी राहते, मग आतली बाजू उघडते. खिडकीजवळ धरलं तर वाळूवर वाऱ्याने उठवलेल्या लाटांसारखं दिसतं. एकच पथ्य आहे: आडव्या टिपा मारल्यावर त्यावर इस्त्री दाबायची नाही. वरून नुसती वाफ द्या.

हाताने करायची तयारी असेल तर हनिकोंब. हे स्मॉकिंगचंच, म्हणजे चुण्या टाक्यांनी बांधून धरायच्या कामाचंच, एक रूप आहे. इंग्लंडमधले शेतमजूर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जे सैल अंगरखे घालायचे, त्यांच्या छातीवर आणि मनगटावर असं काम असे. इलास्टिक नव्हतं तेव्हा कापड अंगाबरोबर ताणलं जावं म्हणून ही सोय होती. शोभा त्यातूनच आली. तुम्ही सोपा प्रकार घ्या. अडीच-अडीच सेंटीमीटरवर ठिपक्यांची जाळी आखा. पहिल्या ओळीत १ आणि २ हे ठिपके दोन-तीन धागे उचलून एकत्र खेचा आणि गाठ मारा, मग ३ आणि ४, मग ५ आणि ६. दुसऱ्या ओळीत २ आणि ३, ४ आणि ५. तिसरी परत पहिलीसारखी. मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे उभे राहतात. चूक हमखास एकाच जागी होते. एका जोडीवरून दुसऱ्या जोडीकडे जाताना मधला धागा सैल सोडायचा असतो, आणि हात सवयीने तोही ओढतो. मग कप्पे उघडत नाहीत, नुसता बोळा होतो. म्हणून प्रत्येक जोडीला पक्की गाठ मारा आणि पुढचा धागा कापडावर सपाट पसरूनच पुढे जा. रुंदी साधारण निम्मी होते, उंचीही थोडी घटते. किती, ते तुमच्या कापडावर आणि तुमच्या हातावर ठरतं, म्हणून २० सेंटीमीटरचा नमुना करून मोजा आणि त्या प्रमाणात कापड घ्या.

मशीनवर याच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे इलास्टिकच्या धाग्याच्या चुण्या. बॉबिनवर इलास्टिक धागा हाताने, न ताणता गुंडाळा, वर नेहमीचा धागा, टाका मोठ्यात मोठा. दर सेंटीमीटरला एक ओळ. दुसऱ्या ओळीपासून पुढे आधीच्या ओळी ताणून सपाट धरत शिवा. पहिली ओळ बघून निराश होऊ नका, आकसणं ओळी वाढतील तसं दिसू लागतं, आणि शेवटी वाफ दिली की कापड आणखी घट्ट होतं. झालरीबद्दल तुम्हाला माहीतच असेल: दुप्पट ते अडीचपट लांबी आणि चुण्यांसाठी एकाऐवजी दोन समांतर कच्च्या टिपा, म्हणजे चुण्या सारख्या बसतात.

आतून भरून उठाव आणणं हा वेगळा मार्ग, आणि मला तो मनापासून आवडतो. त्याला ट्रापुंटो म्हणतात. वर तुमचं कापड, खाली विरळ विणीचं मलमल, दोन्ही मिळून आकाराची बाह्यरेषा शिवायची. मग मागून मलमलचे धागे बोथट सुईने बाजूला सारून त्या फटीतून कापूस चिमूट-चिमूट आत ढकलायचा आणि धागे परत जागेवर सरकवायचे. लांब दांडी किंवा वेल असेल तर दोन समांतर टिपांमधून जाड सुती दोरा ओवून घ्यायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १३६० ते १४०० च्या सुमारास सिसिलीत झालेली एक रजई आहे. तागाच्या कापडावर माणसं, घोडे, जहाजं अशीच मागून कापूस भरून उठवलेली आहेत. सहाशे वर्षांहून जास्त काळ तो उठाव टिकलाय, आणि त्यात सुई, दोरा, कापूस यापलीकडे काही नाही. कापूस वाटतो त्यापेक्षा कमी भरा. ठासून भरला की आकार फुगतो आणि आजूबाजूचं कापड ओढलं जाऊन सुरकुततं.

कापड कापून मिळणारा पोतही करून बघा. सुती कापडाचे चार-पाच थर एकावर एक ठेवून, धाग्याला ४५ अंशांत, म्हणजे उरेब, दीड-दीड सेंटीमीटरवर समांतर टिपा मारायच्या. मग प्रत्येक दोन टिपांच्या मधे सगळ्यात खालचा थर सोडून वरचे थर कात्रीने चिरायचे आणि कापड धुवायचं. कडा फुलून मऊ गोंड्यांसारख्या होतात. तिरकं यासाठी, की सरळ धाग्यावर चिरलं तर अख्खे धागे सुटून निघून येतात. उरेब कड नुसती फुलते, विरत नाही.

बारीक कायमच्या प्लीट्स मात्र या कापडावर घरी करू नका. सुती प्लीट पहिल्या धुण्यात उघडते. रेशमातही तोच प्रश्न होता. व्हेनिसमधले वस्त्ररचनाकार मारियानो फॉर्च्युनी यांनी १९०९ मध्ये रेशमाला बारीक चुण्या पाडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पण त्यांचे झगे पीळ देऊन डबीत ठेवावे लागत आणि धुतल्यावर पुन्हा चुण्या पाडायला परत पाठवावे लागत. पॉलिस्टर उष्णतेने घडी धरून ठेवतं. जपानी फॅशन डिझायनर इस्से मियाके यांनी त्याचाच उपयोग केला. अडीच-तीनपट मोठा कपडा आधी शिवून मग तो कागदात घालून यंत्रात प्लीट करायचा, असं त्यांचं तंत्र. कापण्याआधी उठाव करायचा, हा माझा क्रम तिथे अगदी उलटा होतो.

तुमच्यासाठी पहिलं काम मी असं सुचवेन: हातभर फिकट कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घ्या, अर्ध्यावर ३ मिलिमीटरचे टक आणि अर्ध्यावर लहरी टक घाला, आणि सुरुवातीची व शेवटची मापं त्या नमुन्याच्या कडेलाच पेन्सिलीने लिहून ठेवा. साध्या टकांच्या भागाला इस्त्री करायची झाली तर जाड टॉवेलवर सुलटी बाजू खाली ठेवून करा, म्हणजे टक दबून चपटे होणार नाहीत.