पुरवठादार तपासताना उचलीची वही आधी मागा
नव्यानेच अनुपालन विभागात आलात, तर पुरवठादाराने भरून दिलेल्या प्रश्नावलीवर फार विसंबू नका, कारण ‘आमच्याकडे वेठबिगार नाही’ असे लिहून द्यायला कोणालाच काही लागत नाही. ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानुसार तेथे व्यवसाय करणाऱ्या, 3.6 कोटी पौंड किंवा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आपल्या व्यवसायात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांकडे अशा प्रश्नावल्या येतात त्या बहुधा त्यामुळेच.

खरा प्रश्न उचलीचा, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेल्या रकमेचा आहे. मुकादमाने हंगामाआधी उचल दिली, ती मजुरीतून कशी वळती होते हे मजुराला माहीत नाही आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, अशी स्थिती ऊसतोडीत असो वा वीटभट्टीवर, 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देऊन घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच म्हटले आहे.

म्हणून आधी उचलीची वही मागा, आणि ती व पगारपत्रक पाहिल्यावर मजुरांचे एटीएम कार्ड आणि आधार कार्ड कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारा. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि कार्ड मात्र ठेकेदाराच्या खिशात, हा प्रकार कागदावर कधीच दिसत नाही. विचारपूस ठेकेदाराच्या पाठीमागे आणि शक्यतो मजुरांच्या खोलीवर, त्यांच्याच भाषेत करा. दोष आढळल्यास लगेच करार तोडू नका, त्याने मजुरांचाच रोजगार जातो. आधी त्यांची कागदपत्रे आणि थकलेली मजुरी त्यांना मिळवून द्या, आणि वेठबिगारीची शंका असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.