एसीमागे कबुतराने अंडी घातली आहेत, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाल्कनीत एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतराने दोन अंडी घातलीत, घरात लहान मूल आहे, घरटं उचलून टाकावं का?

ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर दहा वर्षं कबुतरांशी भांडतेय, म्हणून लिहिते. अंडी फेकू नका. दया हा भाग सोडा, पण त्याचा उपयोगच होत नाही. जोडी तीच जागा धरून बसते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा अंडी घालते. अंडी साधारण १८ दिवसांत फुटतात, मग महिनाभरात पिल्लं उडतात. म्हणजे दीड महिना कळ काढायची.

मात्र इथेच आम्ही फसलो. पिल्लं जायची वाट बघत स्वस्थ बसलो, आणि ती घरट्यात असतानाच मादीने बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीच्या रिकाम्या कुंडीत, नवी अंडी घातली! कबुतरांना हंगाम नसतो, आपल्याकडे बारा महिने हेच. तेव्हा एसीमागचा कोपरा सोडून बाकी सगळ्या जागा आजच बंद करा. कुंड्या, जुनी बादली, माळ्यावर न मावलेले खोके, सगळं आत घ्या. घरटं म्हणून त्यांना फार काही लागत नाही. आमच्याकडे खराट्याच्या आठ-दहा काड्या आणि इलेक्ट्रिशियनने टाकलेला तारेचा तुकडा, एवढ्यावर संसार होता.

पिल्लू जवळून बघाल तर दचकाल. पिवळे विरळ केस, चेहऱ्याला न शोभणारी जाडजूड चोच. जन्म मुंबई-ठाण्यात गेला तरी मी तोवर कबुतराचं पिल्लू पाहिलं नव्हतं, कारण जवळजवळ पूर्ण वाढ होईपर्यंत ते घरट्याबाहेर पडतच नाही.

खरा त्रास शिटेचा, तोही ती वाळल्यावर. माझ्या सासूबाई रोज सकाळी बाल्कनी खराट्याने झाडायच्या. कोरडा खोकला लागला, तो चार महिने हटेना. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कबुतरं आहेत का?" शीट आणि पिसांच्या धुळीतली प्रथिनं श्वासातून सतत आत गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात त्याला. वेळीच धूळ बंद झाली तर बरं, वर्षानुवर्षं चाललं तर फुफ्फुसावर कायमचे व्रण राहू शकतात. सगळ्यांना होतं असं नाही, मला काही झालं नाही. पण तुमच्याकडे लहान मूल आहे, तेव्हा बाल्कनीचा दरवाजा सध्या बंदच ठेवा.

साफ करताना कोरडं झाडू नका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, साबणाचं पाणी शिंपडून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, मग पुट्टीच्या पट्टीने खरवडून पिशवीत भरा. पिल्लं उडाली की घरटं त्याच दिवशी काढा. रिकाम्या घरट्यातले टाचणीच्या टोकाएवढे किडे नवा आसरा शोधत घरात शिरतात आणि चावतात. आमच्याकडे आठवडाभर सगळे खाजवत होते.

चमकत्या सीडी, प्लास्टिकचं घुबड यावर पैसे घालवू नका. आमच्या घुबडाच्या डोक्यावर तिसऱ्या दिवशी कबूतर बसलं होतं. नायलॉनची जाळी हाच उपाय, पण लावणारा जाईपर्यंत समोर उभ्या राहा. आमच्या माणसाने एसीच्या पाइपपाशी फट सोडली. त्यातून एक कबूतर आत आलं आणि परतीची वाट न सापडून रात्रभर धडपडत राहिलं.

वरच्या मजल्यावर कुणी ज्वारी टाकत असेल तर मात्र जाळी लावूनही शीट तुमच्याच कठड्यावर पडणार. तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा, पण सांभाळून. ऑगस्ट २०२५ मध्ये दाणे टाकणं थांबवायला महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा ती फाडायला लोक रस्त्यावर आले होते, हे लक्षात असू द्या.

आमची जोडी जाळीबाहेर चार-पाच दिवस घुमत बसली, मग गेली. परवा समोरच्या विंगेत चौथ्या मजल्यावर एसीमागे काड्या दिसल्या. त्या घरचे गावाला गेलेत, वॉचमनकडून निरोप धाडलाय.