मुलाचा खालचा जबडा आखूड आहे, मग वरच्या जबड्याचंही ऑपरेशन का सांगतात?

तुमचा मुलगा सात वर्षांचा. जन्मापासून चेहऱ्याची डावी बाजू लहान, डावा कानही छोटा. एक डॉक्टर म्हणाले खालचा जबडा आखूड आहे, दुसरे म्हणाले वरचाही तिरका आहे, पुढे दोन्हींचं ऑपरेशन लागेल. खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. दोघांचंही. मी नागपुरात ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणारा दंतवैद्य आहे. मुलाला न बघता निदान करणार नाही, पण वर्णनावरून हे हेमिफेशियल मायक्रोसोमिया, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू जन्मतःच कमी वाढलेली असणं, असावं. आणि सासूबाई ग्रहणाचं काढत असतील तर सोडून द्या. चेहऱ्याच्या या भागाची जडणघडण गर्भाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतच होते आणि बहुतेक घरांत आधी कोणालाच असं झालेलं नसतं.

यात मुख्य कमतरता बहुधा खालच्या जबड्यात असते. कानापुढचा सांधा आणि तिथून खाली येणारा हाडाचा उभा भाग, म्हणजे रॅमस, त्या बाजूला आखूड राहतो. आता वरचा जबडा वाढतो खाली आणि पुढे, आणि वरच्या दाढा उतरताना आपल्याबरोबर हाडही खाली आणतात. डावीकडे खालच्या दाढा वरच अडून बसल्या असतील तर त्यांना उतरायला जागा कुठली? उजवी बाजू मात्र रीतसर उतरत राहते. म्हणून दातांची रेषा डावीकडे वर चढते, हनुवटी डावीकडे सरकते, कधी नाकपुडीचा तळही त्या बाजूला उंच दिसतो. काही मुलांत वरचं हाड आणि गालाचं हाड मुळातच लहान असतं. ते किती, हे सीटी किंवा सीबीसीटीत (दात-जबड्यांच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) नीट कळतं.

घरी बघायचं असेल तर आइस्क्रीमची लांब चपटी काडी दोन्हीकडच्या दातांत आडवी चावायला द्या आणि समोरून फोटो काढा. काडी डोळ्यांच्या रेषेशी समांतर आहे का ते दिसेल. डोळ्याची खोबणच खालीवर असेल तर मात्र ही खूण फसवते.

वयाचा मुद्दा इथे येतो. सातव्या वर्षी बरेचसे कायमचे दात अजून यायचे असतात. सांधा बऱ्यापैकी असेल तर तोंडात घालायच्या फंक्शनल अप्लायन्सने खालचा जबडा थोडा उतरवून डावीकडे मुद्दाम फट ठेवतात आणि वरच्या दाढांना त्या फटीत हळूहळू येऊ देतात. रॅमस फारच आखूड असेल तर डिस्ट्रॅक्शन: हाड कापून स्क्रूच्या यंत्राने दिवसाला साधारण १ मिलिमीटर लांबवतात. जबड्यासाठी हे १९९२ पासून रूढ झालं. त्यानंतर डावीकडे पडलेली फट ॲक्रिलिकच्या ब्लॉकने धरून ठेवतात आणि तो थोडा थोडा घासत वरच्या दाढा उतरवतात. हा दुसरा टप्पा टाळला तर पहिल्याचा बराचसा उपयोग वाया जातो, हे सर्जनला आधीच विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर श्वासाचा, घोरण्याचा, खाण्याचा त्रास नसेल तर एवढ्या लहानपणी डिस्ट्रॅक्शनची घाई मी करणार नाही. वाढीबरोबर तिरकेपणा बऱ्याचदा परत येतो. वाढ संपल्यावर, मुलांत साधारण सतरा-अठराव्या वर्षी, वरचा जबडा ले फोर्ट १ पद्धतीने सुटा करून सरळ बसवतात, खालचा त्याला जुळवतात, गरज पडली तर हनुवटीही सरकवतात. तेव्हा एकट्या खालच्या जबड्यावर भागत नाही, कारण तिरक्या वरच्या दातांशी जुळवलेली हनुवटी तिरकीच राहते.

नागपूरच्या मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स आणि जबड्याच्या सर्जरीचे विभाग एकाच छताखाली आहेत. दोघांना एकत्र बघायला सांगा. शेजारीच मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, कान-नाक-घशाचा विभाग आहे. तिथे ऐकण्याची तपासणी आधी करा, आणि यात कधी मणक्यात किंवा किडनीतही दोष असतो, म्हणून मानेच्या मणक्याचा एक्स-रे आणि किडनीची सोनोग्राफी झाली नसेल तर तेही विचारा. जबड्याचा निर्णय काही महिने थांबला तरी चालेल, पण शाळेत जाणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असेल तर ते आजच कळायला हवं.